ज्या विमानांना आवाज होता

भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीवरून जाणारी विमाने आता ऐकू येत नाहीत. ती फक्त दिसतात. सकाळच्या निळ्या आकाशात पांढरी रेघ ओढत पूर्वेला सरकतात, वैनगंगा ओलांडून कारधाच्या शिवारावर जातात, आणि मागे राहिलेली रेघ पिंजलेल्या कापसासारखी विस्कटत जाते. आवाज खाली पोहोचतो तो इतका क्षीण, की गल्लीतून गेलेली एखादी स्कूटर तो सहज पुसून टाकते. ह्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. बंगळुरूच्या एका संस्थेत मी प्रवासी विमानांच्या आतला आवाज कमी करण्याचे काम करते. भिंतींची कंपने मोजायची, ती कुठून कुठे जातात ह्याचा माग काढायचा आणि प्रवाशाच्या कानाशी येण्याआधी त्यांना वाटेतच अडवायचे, असे ते काम आहे. मला ते आवडते. त्यात मला पुष्कळ पुढे जायचे आहे, आणि हे सांगताना संकोच वाटत नाही.

तरीही ह्या डिसेंबरात, मोठेबाबांना न्यायला घरी आले असताना, मी गच्चीवर उभी राहून कान देऊन ऐकत होते, आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून अस्वस्थ होत होते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर त्यांनी हातमागावर कोसा, म्हणजे रानरेशीम, विणला. त्यांच्या हृदयाची एक झडप आता नीट उघडत नाही. चार पायऱ्या चढले की ओठ निळसर होतात आणि वाक्य अर्ध्यावर राहते. छाती न उघडता ती झडप बदलता येईल असे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि बंगळुरूच्या एका शल्यविशारदाचे नाव दिले. फार दिवस थांबू नका, इतक्या लांबचा रेल्वेप्रवास त्यांना झेपणार नाही, विमानानेच न्या, हेही त्यांनीच बजावले. सगळी व्यवस्था झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून विमान होते. आणि मोठेबाबांनी खाटेवर पडल्या पडल्या, छताकडे पाहत मला सांगून टाकले होते :

"मी येत नाई. तू जाय. तुही नोकरी हाय."

त्यांची खाट आता जिथे आहे, तिथे पूर्वी त्यांचा माग होता. विणकर ज्यात पाय सोडून बसतो तो खड्डा कधीच बुजवून वर फरशी बसवली आहे. पण नव्या फरशीचा चौकोन बाकीच्या जमिनीपेक्षा किंचित उजळ राहिला आहे, आणि खाट नेमकी त्या चौकोनात बसते. माझे बालपण ह्या चौकोनाच्या काठावर गेले. सकाळी मागच्या अंगणात कोसा उकळायला ठेवला की एक उग्र, ओला, जरा मांसल वास घरभर पसरे; पाहुणे नाकाला रुमाल लावीत, आम्हाला मात्र त्या वासाने भूक लागत असे. दुपारी भाताच्या खळीचा आंबूस वास येई. हिवाळ्यात त्यात बाहेरून नव्या धानाचा वास मिसळे, पेंढ्याच्या धुळीचा, उन्हात वाळत घातलेल्या पोत्यांचा. पावसाळ्यात सगळे वास जड होऊन खाली बसत आणि कोशाचा धागा हवेतले पाणी पिऊन हट्टी होई. तेव्हा मोठेबाबा मागाशी असे बोलत, जसे कोणी आजारी माणसाशी बोलते.

आणि आवाज. खटक् अन् खट्, खटक् अन् खट्. गल्लीतल्या प्रत्येक घरातून वेगळा, प्रत्येकाच्या पायाची लय वेगळी. डोळे मिटून मी सांगू शकत असे की आता कोणाच्या घरासमोरून चालले आहे. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, पुढे त्याच आवाजात गतीचे नियम शिकले. भीती वाटावी अशी एकच गोष्ट त्या जगात होती, ती म्हणजे आवाज मध्येच पडणे. एखादा माग थांबला की शेजारच्या घरांतले हातही क्षणभर थबकत. कारण आवाज बदलला ह्याचा अर्थ कुठेतरी ताना तुटला, मागावर ताणून बसवलेल्या उभ्या धाग्यांपैकी एखादा गेला. तो न पाहता हात चालूच ठेवला तर पुढचे कापड वाया. म्हणून विणकराचा पाय कानाच्या हुकमात असे. आवाज पडला की पाय मागाच्या पायपट्टीवरून, पावडीवरून, उठलाच पाहिजे, डोळ्यांनी शोधणे नंतर. हे कोणी कोणाला शिकवीत नसे. पोहणाऱ्याला पाण्यात श्वास रोखायला जसे सांगावे लागत नाही, तसे ते अंगात मुरत असे.

विमानाची गोष्ट मोठेबाबा सांगत तीही ह्याच लयीत, विणता विणता. तरुणपणी एकदा, कोणाच्या सांगण्यावरून ते मला कधीच नीट कळले नाही, ते कोशाच्या साड्यांचे गाठोडे घेऊन नागपूरहून कलकत्त्याला विमानाने गेले होते. ते डाकोटा होते, दोन पंख्यांचे. इंजिन सुरू होताना आधी काळा धूर, मग एक खोकला, मग दुसरा खोकला, आणि मग पंखा फिरता फिरता दिसेनासा होऊन त्याची नुसती चकती उरते, हे ते हाताने फिरवून दाखवीत.

"शेपटी भुईले टेकली व्हती त्याची. मांगून आत चढाचं, अन् मंग चढावर चालल्यावानी वर वर जाऊन बसाचं."

"अन् ते बाई?" मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून विचारी.

"कोन बाई?"

"चॉकलेटं वाटनारी. दरखेपी तिच्या लुगड्याचा काठ सांगता, आज कसे भुलले?"

"काठ चांगला व्हता म्हनून सांगतो. आपल्यावानी करवतकाठी नव्हता, पन चांगला व्हता."

"पाहा! लोकं खिडकीतून दुनिया पाहात व्हते, अन् हे काठ पाहून राहिले व्हते."

गोळ्यांच्या थाळीतच कानात घालायला कापूस असे, कारण आवाज भयंकर होता. खिडक्यांना छोटे पडदे होते, पितळी कड्यांत ओवलेले. मध्येच पुढच्या वैमानिकाने आपल्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी प्रवाशांत फिरे, आपण किती उंचीवर आहोत, खाली कोणते गाव आहे, पुढे हवा कशी आहे. मोठेबाबांच्या हाती ती आली तेव्हा त्यांना ती वाचता आली नाही, पण शेजारच्या माणसाने बोट दाखवले आणि त्यांनी पडदा सारला. खाली उजाडत होते. वैनगंगा होती. कारधाचा पूल काडीएवढा होता. आपल्या गल्लीत कोणी सूत ताणून ठेवले असेल का, हे त्यांनी शोधून पाहिले म्हणे. मग कानातला कापूस काढून टाकला, आणि त्या अखंड घरघरीत, जणू शेजारी कोणी रात्रपाळीचा माग चालवतो आहे अशा खात्रीने, कलकत्ता येईपर्यंत झोपून गेले.

"झोप कशी लागली तुमाले? पहिल्यांदा विमानात?" मी विचारी.

"आवाज चालू व्हता ना बेटा. मंग भेव कायचं?"

पुढे ह्या विषयाचा रीतसर अभ्यास करताना मी जुन्या प्रवासी विमानांची छायाचित्रे पुष्कळ पाहिली, कामासाठी आणि कामाबाहेरही. त्यांच्यात जे होते ते आज नाही, हे मान्य करायला मला कष्ट पडतात, कारण अभियंत्याने रूपावर भाळणे हे लक्षण बरे नव्हे. पण त्या काळी प्रत्येक विमानाला स्वतःची चण होती. एकाची पाठ माशासारखी कमानदार आणि मागे शेपटीची तीन पाती. एकाची इंजिने पंखांच्या मुळातच दडवलेली, त्यामुळे ते झोपेत असल्यासारखे दिसे. कोणाचे नाक चोचीसारखे, कोणाच्या खिडक्या चौकोनी, कोणाच्या बदामासारख्या लंबगोल. चित्रात नुसती सावली दाखवली तरी नाव सांगता यावे. आत टेबलांवर पांढरी कापडे, दिव्यांना काचेची आवरणे, सामानाला जाळीचे फडताळ. आजची विमाने मात्र एकाच कुटुंबातली जुळी भावंडे वाटतात. गोल नळी, पंखांखाली दोन इंजिने, पंखांची टोके वर वळलेली. त्याचे कारण मला ठाऊक आहे. इंधन, वजन आणि हवेचा रोध हे गणित सगळ्यांना एकच घातलेले असते, आणि प्रामाणिकपणे सोडवले तर सगळ्यांचे उत्तर जवळपास एकच येते. जुनी विमाने वेगवेगळी दिसत, कारण तेव्हा कोणालाच उत्तर माहीत नव्हते. त्या सौंदर्यात अज्ञानाचा मोठा वाटा होता, आणि त्या अज्ञानापायी माणसे मेलेली आहेत. आजचे विमान निःसंशय अधिक सुरक्षित आहे. हे मी परिषदांत सांगते, घरी सांगते, आणि धावपट्टीवर विमानाने वेग घेतला की मनातल्या मनात स्वतःलाही सांगते.

एकदा मोठेबाबांनी मला तसले विमान करून दिले होते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात, हा दिवस मुलांचा आणि त्यांच्या लाकडी बैलांचा. चाकांच्या पाटीवर उभा केलेला बैल, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. दोरीने ओढत तो घरोघर न्यायचा आणि बोजारा म्हणून जो काही खाऊ किंवा नाणे मिळेल ते गोळा करायचे. त्या वर्षी मोठेबाबांनी मागाच्या मोडक्या लाकडातून बैलाऐवजी डाकोटा कोरले. नाक वर, शेपटी खाली, पुढे बोटाने फिरतील असे दोन पंखे, पाठीवर कोशाच्या तुकड्याची झूल. मी ते ओढत मारुतीच्या देवळापुढे रांगेत उभे केले, तेव्हा बैल तपासणारे समोरच्या घरचे शामरावकाका वाकून बघतच राहिले.

"हे काय आनलं गा भाऊ?"

"नंदी हाय," मोठेबाबा गंभीरपणे म्हणाले.

"अन् शिंगं?"

"पंख हायेत ना. शिंगानं उडता येते का?"

"पाय कोठी हायेत?"

"बसला हाय तो. पाह्य ना, मान वर करून बसला हाय. तुह्यासाठी उठवू का?"

बक्षीस अर्थातच खऱ्या बैलाला गेले. पण घरोघरच्या बायकांनी कोणतीही शंका न काढता त्याच्या नाकावर कुंकू लावले, ओवाळले, चाकांवर पाणी घातले. संध्याकाळी घरी परतले तेव्हा त्याचे नाक लाल चिखलाने माखले होते आणि पंख्यांत तांदळाचे दाणे अडकले होते. पुढे कुठल्याशा दिवाळीच्या साफसफाईत ते दिसेनासे झाले. कोणी फेकले, कोणी चुलीत घातले, हे विचारायचे राहून गेले. त्या घरात तेव्हा किती तरी वस्तू अशाच, निरोप न घेता, जात होत्या. आधी ताना भरण्याचे चाक गेले. मग गल्लीतले माग एकेक करून गप्प झाले. एक दिवस मी शाळेतून आले आणि आपण कोणाच्या घरासमोरून चाललो आहोत हे डोळे मिटून सांगता येईना.

त्या दिवसांत आम्ही दोघे संध्याकाळी गच्चीवर निजून विमाने बघत असू. कमी उंचीवरून जाणारी काही विमाने तेव्हा चांगली ऐकू येत. गंमत अशी की विमान जिथे दिसे, तिथून आवाज येत नसे. तो त्याच्या बराच मागून, रिकाम्या आकाशातून येई. "आवाज मांगून चालत येते त्याच्या," मोठेबाबा म्हणत, "बैलामांगं गाडी यावी तसा." मी हाताने विमान आणि आवाज ह्यांच्यातले अंतर धरून ठेवी. विज्ञान माझ्यासाठी तिथे सुरू झाले, दिसणारे आणि ऐकू येणारे ह्यांच्यातल्या त्या फटीत. आणखीही काही तिथे सुरू झाले असावे. रिकाम्या आकाशातून येणारा तो आवाज जिथे संपे, तिथे मी श्वास धरून राही. ह्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही. बोलण्यासारखे त्यात काही आहे असे तेव्हा वाटले नव्हते.

मागच्या वर्षी पुण्याला आतेभावाचे लग्न होते, आणि मी हट्टाने मोठेबाबांना विमानाने नेले. त्यांना खिडकी दिली. ते खूश होते. पंखा कुठे आहे म्हणून बाहेर वाकून शोधत होते, आणि इंजिनाच्या आतला पंखा नीट दिसत नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसले. पडद्याऐवजी प्लास्टिकची झापड आहे हे त्यांनी वरखाली करून पाहिले. विमान धावले, उठले. इंजिनांचा जोर पाठीला जाणवत होता. आणि मग ठरल्याप्रमाणे, चढण नुकतीच सुरू झालेली असताना, इंजिनांचा जोर कमी करण्यात आला. प्रत्येक उड्डाणात तो केला जातो. उठण्यापुरती जी ताकद लागते ती पुढे लागत नाही. शिवाय खालच्या वस्तीला त्रास नको. केबिनमधला आवाज एकदम पडला. चांगल्या, शांत, नव्या विमानात तो अधिकच जाणवतो.

मोठेबाबांचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला. मी तो पाहिला. दुसऱ्या क्षणी पट्टा सोडून ते उभे होते, एक हात वर करून, साऱ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते :

"थांबवा! थांबवा गा! ताना तुटला!"

हवाई सुंदरी तिच्या जागेवरून "बैठ जाइए, बैठ जाइए" ओरडली. कोणी तरी घाबरून किंचाळले. मग लोकांना कळले, आणि हशा उसळला, मागून कोणीसे म्हणाले, "काका, बस नाही ही, घंटी मारून थांबवायला." दोनचार फोन वर झाले. मी त्यांना ओढून खाली बसवले, पट्टा लावला, हलक्या आवाजात जोर, उंची, इंजिन ह्यांबद्दल काय काय सांगत राहिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग एवढेच म्हणाले, "सांगून तर द्याचं होतं त्याईनं." पुण्यापर्यंत त्यांनी झापड उघडली नाही. परत ते एकटे रेल्वेने आले. ती गोष्ट त्यांच्या आधी गल्लीत पोहोचली होती, आणि शामरावकाका त्यांना दिसले की अजूनही विचारतात, "काहो भाऊ, ताना बरा हाय ना?"

तेव्हापासून मोठेबाबा विमानाबद्दल बोललेले नाहीत. डाकोटाबद्दलही नाही.

तर, उद्याचे विमान होते, आणि ते येत नव्हते. दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. उड्डाणातला प्रत्येक आवाज, तो कशाचा, कोणत्या क्रमाने येतो, ह्याची एक आकृती मी खास त्यांच्यासाठी केली होती, मोठ्या अक्षरांत.

"तुमी एकदा पाहून तर घ्या."

"पाहून राहिलो."

"ह्या ठिकाणी इंजिनाची गरज कमी होते, म्हणून त्याचा जोर नियंत्रित करून—"

"पुस्तकावानी नको बोलू वो. मागच्या साली बी हेच सांगतलं तू."

मोठी आई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. तिचे हात थांबले नाहीत. "त्याईले विमानाचं भेव नाई बेटा. लोकं हासतीन याचं भेव हाय."

"तू चूप बस."

"चूप कायले बसू? घरात मराले तयार हाय हा मानूस, पन चार लोकाईत हासू होऊ द्याले तयार नाई."

मोठेबाबांनी भिंतीकडे तोंड केले. पाठीच्या हाडांवरून त्यांचा श्वास मोजता येत होता, इतका तो वर वर चालला होता. मी आकृती बंद केली. झडप किती अरुंद झाली आहे, डॉक्टरांनी किती अवधी दिला आहे, हे सगळे मला माहीत होते, आणि हे माहीत असण्याचा उपयोग शून्य होता. मी फोनवर नागपूरचे हवामान पुन्हा पाहिले. धुके.

संध्याकाळी ते स्वतःच उठले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसले. नदीकडून गार हवा येत होती. कुठेतरी पेंढा जळत होता. तेवढ्यात नागपूरला उतरणारे एक विमान नेहमीपेक्षा खालून आले, त्याचे दिवे दिसले, आणि कितीतरी दिवसांनी गल्लीला विमान ऐकू आले. ते आमच्या माथ्यावरून पुढे गेले, आणि तिथे, उतरणीला लागताना, त्याचा आवाज पडला.

"काय झालं?" मोठेबाबा म्हणाले.

"कुठं काय?"

"पाह्य तुहा हात."

मी पाहिले. माझ्या उजव्या हाताने ओट्याची कड धरली होती. नखे पांढरी पडली होती. मी हात काढून मांडीवर ठेवला, तरी बोटे सरळ होईनात. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"तुले भेव लागते?"

संस्थेत हे कोणाला माहीत नाही. चाचणी उड्डाणांत मी यंत्रे घेऊन बसलेली असते, तेव्हा सहकारी माझ्या एकाग्रतेचे कौतुक करतात. प्रत्येक आवाज मला आधी कळतो, त्याचे कारण कळते, त्याची वारंवारता सांगता येते. आणि जोर कमी होण्याची वेळ आली की मी श्वास धरून बसते, दर वेळी, तो पुन्हा सुरळीत होईपर्यंत. हे मी आईबाबांना सांगितलेले नाही. वरिष्ठांना कळले तर पुढच्या प्रकल्पात चाचणीची जबाबदारी मला मिळेल की नाही, ह्याचाही हिशेब मी करून ठेवलेला आहे.

"लागते," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मंग ह्याच कामात कायले गेली?"

"आवाज कशाचा हाये ते समजलं तर भेव जाईन, असं वाटलं होतं."

"गेलं?"

"नाही."

ते हसले नाहीत. समजूतही घातली नाही. शालीचे टोक हातात घेऊन त्याची वीण चाचपीत त्यांनी विचारले, "जाताना येताना एकटीच रायते तू? दरखेपी?"

"एकटीच."

"हं," ते म्हणाले. मग खोकला आला, मोठी आईने पाणी आणले, आणि ते आत जाऊन निजले. मी ओट्यावरच बसून राहिले. आपण काय करून बसलो हे मला स्पष्ट दिसत होते. आठवडाभर मी जी मांडणी उभी केली होती, ती मीच दोन शब्दांत मोडली होती. ज्या विमानाला ते बनवणारी माणसेच भितात, त्यात आजारी म्हाताऱ्याने का बसावे? त्यांच्या जागी मी असते तर हाच निष्कर्ष काढला असता. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून काय सांगायचे, त्याची वाक्ये मी मनात जुळवू लागले, आणि एकही वाक्य पूर्ण होईना.

सकाळी धुके इतके होते की समोरचे घर दिसत नव्हते. गाडी दारात उभी होती. मी माझी एकटीची बॅग घेऊन, मोठेबाबांना शेवटचे एकदा विचारावे म्हणून त्यांच्या खोलीत गेले. खाट रिकामी होती. पांघरूण घडी करून ठेवले होते.

मी धावत बाहेर आले. मोठेबाबा गाडीत बसले होते. मागच्या सीटवर, कानटोपी, शाल, मांडीवर पिशवी. मोठी आई खिडकीशी उभी राहून त्यांच्या मफलरची गाठ घट्ट करीत होती आणि रागावल्यासारखे तोंड करून रडत होती. गाडी पाहून गल्ली गोळा झाली होती. शामरावकाका तोंडात दात घासायची काडी घेऊन पुढे आले.

"काहो भाऊ! मागच्या साली तर कानाले खडा लावला व्हता ना विमानाचा? दवाखान्याचं नाव काढलं अन् चालले काय?"

दोघे चौघे हसले. मोठेबाबांनी काच पूर्ण खाली केली. बोलण्याआधी त्यांना श्वास गोळा करावा लागला, आणि तो त्यांनी सावकाश, सगळ्यांना थांबायला लावून, गोळा केला.

"माह्यासाठी नाई चाललो," ते म्हणाले, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. "पोरीले विमानाचं भेव लागते. एकटी कशी जाईन?"

हसणे थांबले. सगळे माझ्याकडे वळले. ह्याच गल्लीने माझा सत्कार केला होता, इथल्या पोरी मला विमानवाली ताई म्हणतात, आणि शामरावकाका तोंडातली काडी काढून माझ्याकडे पाहत होते, मी हे हसण्यावारी नेईन ह्याची वाट बघत.

"हाव," मी म्हणाले. "लागते."

आणि दार उघडून मोठेबाबांच्या शेजारी बसले.